मधला सिंगराय

पानमुनी हेम्ब्रमची शिष्यवृत्ती माझ्यामुळे अडली, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ऑफिसातल्या लोकांच्या नावाने भरपूर बोटं मोडणार आहे, त्यात हे राहून जायला नको.

गोष्ट बाहत्तर सालची. कलकत्त्याच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवायची, तिथे पानमुनी पहिल्या वर्षाला होती. पुरुलियाकडची संथाळ मुलगी, गावातून कॉलेजात आलेली पहिलीच. आदिवासी विद्यार्थ्यांच्या सरकारी शिष्यवृत्तीवर तिचं वसतिगृह अवलंबून होतं. ती मिळाली नाही तर गाशा गुंडाळून गावी परत.

फॉर्म चार पानी, इंग्रजीत. तिला तो जमायचा नाही असं मीच ठरवलं आणि "दे इकडे" म्हणून हातातून ओढून घेतला. तिचं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं आणि झोकात लिहिलं: पानमुनी सिंगराय हेम्ब्रम. आपल्याकडे लिहितात तसं. ती बघत होती.

दोन महिन्यांनी फॉर्म परत आला. मी तिला घेऊन तडक एस्प्लनेडजवळचं शिष्यवृत्तीचं ऑफिस गाठलं. तिथले हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडोबाबू म्हणत, चहा संपेपर्यंत मान वर करीनात.

"जमातीचा दाखला पानमुनी हेम्ब्रमचा," ते म्हणाले. "फॉर्म दुसऱ्याच कोणाचा तरी. हा मधला सिंगराय कोण?"

"तिचे वडील."

"मुलीच्या नावात वडील कशाला?"

"आम्हा मराठी लोकांत असंच लिहितात. आता माझं नाव श्यामला माधव दाते. माधव माझे यजमान."

"म्हणजे सिंगराय हिचा नवरा?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. पानमुनीने मान खाली घातली. माझ्या मस्तकात तिडीक गेली. वडिलांचं नाव त्याच फॉर्मवर खालच्या ओळीत होतं, दाखल्यावरही होतं. डोळे काय फक्त चहाचा रंग बघायला दिलेत? मी टेबलावर हात आपटला. कप हलला, बडोबाबू नाहीत.

"मग चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी! फॉर्म मी भरला. मुलीचा काही संबंध नाही."

"तसं लिहून द्या, दिदी."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी लिहून दिलं, खाली ठसठशीत सही केली. बडोबाबूंनी त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि फॉर्मचं शेवटचं पान उलटून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात भरलेला असावा.

"प्रतिज्ञापत्र आणलं असतंत तर नाव दुरुस्त झालं असतं," ते म्हणाले. "पण हा अर्ज तिने भरलाच नाही, हे आता तुम्हीच लिहून दिलंत. नवीन अर्जाची मुदत तर गेल्या महिन्यातच संपली."

मी तो कागद परत मागितला. शिक्का पडलेला कागद परत देत नाहीत म्हणे. मी भांडले. आधी बंगालीत, मग इंग्रजीत, आणि शब्द संपले तेव्हा चक्क मराठीत. मराठीत फार बरं वाटलं, पण कळलं कोणालाच नाही.

ट्रामच्या थांब्यावर मी म्हटलं, "वसतिगृहाचं यंदा मी बघते."

"नको, दिदी."

"अगं, पण तेव्हाच का नाही बोललीस? माझं नाव असं नाही, एवढं सांगता आलं नाही तुला?" मी तिच्यावरच ओरडले. राग माझाच मला आला होता, पण तो काढायला समोर तीच होती.

"तुम्ही फार भराभर लिहीत होता."

ट्राम आली. आत चढून तिने खिडकीजवळची जागा धरली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला येत होता तो फॉर्म. वसतिगृहातल्या तिघींचे मीच भरून घेतले, शेजारी बसून, त्यांच्याकडूनच लिहून घेऊन. त्यांना मिळाली शिष्यवृत्ती."