काचेमागची इओले

"दोइना, हे कुणी टाकलं?"

मागच्या चौकात इओले कचऱ्याचा डबा उघडून उभी होती. भांडी घासणारी दोइना दारातच थबकली. इओलेच्या तळहातावर तिनंच सारण भरून वळलेल्या, इवल्या करंज्यांसारख्या पाच-सहा तोर्तेल्लिनी होत्या. कालच्या, सुकून कडक झालेल्या.

"बोल ना गं. मुकी झालीस का?"

"रोजच टाकतात," दोइना पुटपुटली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

इओलेला ठाऊक नव्हतं. इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या त्या खानावळीत ती एकेचाळीस वर्षं पोळी लाटत होती. अंड्यात मळलेला मैदा ती इतका पातळ लाटायची, की खालचं लाकूड दिसावं. मग चौकोन कापायचे, चिमूटभर मांसाचं सारण ठेवायचं आणि करंगळीभोवती वळायचं. म्हातारा मालक होता तोवर हे सगळं आत, स्वयंपाकघरात चाले. तो गेला आणि त्याच्या मुलानं, रुज्जेरोनं, रस्त्याकडची भिंत फोडून काच बसवली. झालरीची टोपी घालायला लावून इओलेला काचेमागे उभं केलं. उन्हाळ्यात सुट्टीला आलेली माणसं काचेला नाक लावून फोटो काढत. तिला ते मुळीच आवडत नसे. पण निदान खातात तरी, असं म्हणून ती मान खाली घालून लाटत राही.

ती तडक आत गेली. मोठा फ्रीजर उघडला. कारखान्यातल्या तयार तोर्तेल्लिनींच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या. स्वयंपाकी वाल्तेर वर न बघता कांदा चिरत राहिला.

"कधीपासून, वाल्तेर?"

"ईस्टरपासून."

रुज्जेरो गल्ल्यावर होता. "मावशी, टोपी कुठाय? बाहेर गर्दी झालीय."

"माझ्या हातचं कचऱ्यात, आणि लोकांना पिशवीतलं?"

"हळू बोल गं! रोज दोनशे माणसं जेवतात. तुझे दोन हात पुरणारेत का?"

"मग मला कशाला उभं केलंस तिथं?"

"तुला बघायला लोक येतात, मावशी. तू आपली शोभा आहेस."

"शोभा? तुझी आई गल्ल्यावर बसायची तेव्हा तुझं ढुंगण मी धुतलंय, रुज्जेरो. आणि तू मला शोभा म्हणतोस?"

ती जेवणाऱ्यांत शिरली. पहिल्याच टेबलावर एक परदेशी जोडपं रश्शातून तोर्तेल्लिनी उचलत होतं.

"खाऊ नका ते!" इओलेचा आवाज चिरकला. "ते माझं नाही. पिशवीतलं आहे. फसवताहेत तुम्हाला!"

त्यांना तिची भाषा कळली नाही. बाईनं चेहरा मात्र ओळखला, काचेमागचा. ती आनंदानं टाळ्या वाजवू लागली. शेजारच्या टेबलांवरही टाळ्या सुरू झाल्या. नवऱ्यानं उठून इओलेच्या खांद्यावर हात टाकला आणि फोन समोर धरला.

"हस," रुज्जेरो मागून दातओठ खात म्हणाला. "मावशी, हस जरा."

इओलेनं तो हात झटकला. काचेमागे जाऊन सकाळपासून वळलेल्या तोर्तेल्लिनींचं अख्खं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात आणलं.

"वाल्तेर, रस्सा आहे ना?"

"गिऱ्हाइकांचा आहे."

"आज तुमचा."

रस्सा उकळला तसं तिनं ताट त्यात रिकामं केलं. रुज्जेरो दारात येऊन ओरडला, "आत्ताच्या आत्ता बाहेर ये, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्या येतंय कोण?"

तिनं भाज्या चिरायच्या टेबलावर दोन खोलगट थाळ्या भरून मांडल्या. वाल्तेरनं सुरी खाली ठेवली, ऑर्डरीच्या चिठ्ठ्यांकडे पाठ केली आणि बसला. दोइना हात पुसत घुटमळली.

"बस गं."

"तीन वर्षं झाली मला इथं," दोइना म्हणाली. "कधी चाखलं नव्हतं."

बाहेर कुणीतरी ताटलीवर चमचा वाजवून बोलावत होतं. आत कुणीच उठलं नाही. दोइनानं तळाशी राहिलेला रस्सा पावाच्या तुकड्यानं टिपून घेतला आणि थाळी पुन्हा भरून घ्यायला इओलेपुढे सरकवली.