नखाताईची प्लेट

मित्रांनो, मी नखांवर चित्रे उमटवायची एक जुनी स्टॅम्पिंग प्लेट आहे. नाव ऐकून गोंधळू नका, माझ्यात कोणी जेवत नाही. मी तळहातावर मावेल एवढी स्टीलची गोल चकती आहे आणि माझ्या अंगावर केसाएवढ्या बारीक रेषांनी चित्रे कोरलेली आहेत. लेसची किनार, अर्धा उमललेला गुलाब, साखळीचे खिशातले घड्याळ, टाकाने लिहिल्यासारखी वळणदार अक्षरे. सगळे तुमच्या पणजीच्या काळातले, पण नखाच्या मापाचे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे हुबेहूब माझ्यासारख्या शेकडो जणी होत्या, त्यामुळे जन्माचे कौतुक कोणी केले नाही. अंगावर निळ्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवून मला पाकिटात घातले, आणि बऱ्याच दिवसांनी ते पाकीट उघडले नखाताईने.

हे तिचे खरे नाव नव्हे. तिच्या वहिनीचे दोन खुर्च्यांचे पार्लर होते. वहिनी केस कापायची आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर ही नणंद गिऱ्हाइकांची नखे रंगवायची, म्हणून सगळ्या तिला नखाताई म्हणू लागल्या. पहिल्या दिवशी तिने माझ्यावर रंग लावला, ठसा दाबला, उचलला. काही नाही! पुन्हा दाबला, तरी कोराच. ती रडकुंडीला आली. वहिनीने डोकावून पाहिले आणि कात्री खाली ठेवून हसत सुटली.

"अगं, आधी तिला सोल तरी! वरचा निळा कागद तसाच आहे."

पापुद्रा निघाला आणि माझी लेस पहिल्यांदा एका अंगठ्यावर उतरली. नखाताई इतकी हरखली की त्या दिवशी तिने पार्लर झाडणाऱ्या मावशींचीही नखे रंगवून टाकली.

आमचे काम घाईचे असे. कोरीव चित्रावर नेलपॉलिश लावायचे, प्लास्टिकच्या कार्डाने जादाचा रंग एका फटक्यात निपटून काढायचा, मऊ रबराचा ठसा टेकवून चित्र उचलायचे आणि नखावर अलगद लोळवायचे. रंग वाळायच्या आत हे सगळे उरकावे लागे. मग ताबडतोब रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या कापसाने मला पुसायचे, कारण रेषांत रंग वाळला की पुढची लेस फाटकी उमटते. दहा नखे म्हणजे दहा वेळा पुसणे. ते काम नखाताईने कधी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

"हातमोजे घाल गं," वहिनी रोज म्हणायची.

"हातमोज्यातून दाब कळत नाही, वहिनी. गुलाब चेपतो."

"गुलाब चेपला तर चेपला. हातांचं काय?"

"हात काय, धुतले की झालं."

मला तेव्हा तिचा केवढा अभिमान वाटायचा! माझ्यासाठी कोणी एवढे जपते आहे या आनंदात मी तिच्या बोटांकडे कधी पाहिलेच नाही.

आमची लाडकी गिऱ्हाईक होती एक निवृत्त ग्रंथपाल बाई. त्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यायच्या. नऊ नखांवर लेस आणि डाव्या अनामिकेवर घड्याळ, हे ठरलेले. "हे एकच घड्याळ मला उशीर झाला म्हणून सांगत नाही," असे त्या दर वेळी म्हणायच्या आणि नखाताई दर वेळी नव्याने हसायची. लग्नघरच्या मुली यायच्या, हात पुढे करून फोटो काढायच्या. फोटोत माझी लेस दिसायची. ती उमटवणारे हात मात्र चौकटीच्या बाहेर असायचे.

पुढे तिच्या बोटांना खाज सुटू लागली. बारीक फोड आले, टोके भेगाळली. विचारले तर म्हणायची, "भांड्यांचा साबण बदललाय ना, त्यानं." स्वतःच्या नखांवर ती गडद रंग लावू लागली, खालचे काही दिसू नये म्हणून. लग्नसराई संपू दे, मग डॉक्टरकडे जाते, असे म्हणत तिने तीन महिने काढले. एके दिवशी मला पुसताना कापसावर लाल डाग उमटला. मित्रांनो, त्या दिवशी आम्ही लाल रंग उघडलाच नव्हता. मी ते पाहिले, पण मला तोंड कुठे होते?

शेवटी वहिनीनेच तिला हाताला धरून नेले. त्या दोघी परत आल्या तेव्हा नखाताईच्या दहाही बोटांना पट्ट्या होत्या. रंगांतल्या रसायनांनी हात बिघडले होते. वेळीच आली असतीस तर काही मार्ग निघाला असता, आता यातले काहीही हाताला लागता कामा नये, कायमचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

पहिली तारीख आली आणि ग्रंथपाल बाई आल्या. नखाताई शेजारच्या स्टुलावर बसून सांगत होती आणि तिच्या खुर्चीत वहिनी बसली होती. "कार्ड तिरकं धर. जोर नको. उचल, उचल पटकन!" कात्रीला सरावलेला तो हात, त्याला कसे जमावे? लेस वाकडी आली. घड्याळाचा एक काटाच गायब झाला.

"छान आलंय की," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"खोटं नका बोलू हो," नखाताई म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली. "मला एवढं एकच येत होतं, वहिनी."

इकडे माझ्या रेषांत रंग वाळत चालला होता. रडता रडताच नखाताईचे तिकडे लक्ष गेले आणि तिचा पट्ट्या बांधलेला हात सवयीने कापसाकडे वळला. वहिनीने तिचे मनगट घट्ट धरले.

"राहू दे! वाळला तर वाळला."

तेव्हापासून मी खणात आहे. माझी लेस बुजली, घड्याळ बुजले. नखाताई आता पार्लरमध्ये फोन घेते आणि वेळा लिहून ठेवते. तिचे हात बरे झाले आहेत, पण खिडकीजवळच्या टेबलाकडे ती पाठ करून बसते. मला तिचा राग नाही. पुसून घेताना मी इतकी खूश होते, याचीच मला लाज वाटते.

मित्रांनो, तुमची ताटे, तुमचे बूट, तुमच्या शाळेच्या फरशा कोणीतरी रोज लख्ख ठेवते. वस्तू चकाकते आहे की नाही हे तुम्ही पाहताच. एकदा त्या माणसाचे हात आपल्या हातात घेऊन बघा आणि दुखते का, म्हणून विचारा. तुम्हाला ते जमेल. मला हात नव्हते.