पायाकडची बाजू

मोठ्या डॉक्टरांनी एवढं शिकून घेतलं, पण माणसाजवळ जाण्याआधी विचारावं, एवढं काही त्यांना कुणी शिकवलं नाही. रोज सकाळी राउंडला येतात आणि मला पायानं बाजूला ढकलतात. हात लावायचाही कंटाळा!

मित्रांनो, मी प्रसूतिगृहातली एक जुनी चौकट आहे. लोखंडी नळ्यांचे तीन भाग, त्यांवर हिरवं कापड, खाली चाकं. लोक मला नुसता पडदा म्हणतात. म्हणोत बापडे. मला जोडणारा वेल्डर म्हणाला होता, "ही बायकांची लाज राखणार, पक्की झाली पाहिजे." त्या शब्दांवर मी कितीतरी वर्षं मिरवले. आता कापड विरलंय, एक चाक अडतं आणि माझ्या अंगावर ओले टॉवेल वाळतात.

पण माझं खरं दुखणं निराळंच आहे. दारातून एका नजरेत सगळ्या खाटा दिसाव्यात, असा डॉक्टरांचा नियम. म्हणून सगळ्या बायकांचे पाय दाराकडे, आणि मी उभी दोन खाटांच्या मध्ये! शेजारणीपासून झाकायचं आणि दारावरून येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळं सोडायचं. इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

परवा एक पहिलटकरीण आली. बाळ पायाळू होतं. डॉक्टर सात शिकाऊ पोरापोरींना घेऊन आले, मला ढकललं, तिचं पांघरूण वर केलं आणि शिकवू लागले. एकानं तपासलं, मग दुसऱ्यानं. तिसरा हातमोजे घालू लागला, तशी ती कोपरावर उठली.

"मला कुणी विचारलं?"

"बाई, इथं विद्यार्थी शिकतात. गप्प पडून राहा."

"मग मी घरी जाते. तिथं निदान दार तरी लावता येतं." आणि तिनं खरोखरच पाय खाली सोडले.

मी हादरले. वाटेत काही झालं असतं तर दोन्ही जीव हातचे गेले असते.

तेवढ्यात थोरल्या सिस्टर आल्या. सकाळपासून त्यांना टेकायलाही मिळालं नव्हतं. त्यांनी माझं अडणारं चाक उचललं आणि मला सरळ पायाकडे आणून उभं केलं.

"सिस्टर, तुम्ही बेडपॅन बघा. मला शिकवू नका," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले.

सिस्टरांचे कान लाल झाले. पण त्या पहिलटकरणीकडेच वळल्या. "हे बघ पोरी, बाळ पायाळू आहे. घरी धोका आहे, म्हणून थांब म्हणते. आत कोण राहील, ते तू सांग."

"तुम्ही. आणि ती शिकाऊ पोरगी, मघापासून खाली बघतेय ती."

"आणि डॉक्टर लागले तर?"

"विचारून येऊ देत."

बाकीचे सगळे बाहेर गेले. दुपारी डॉक्टर लागलेच. ते धावत आले आणि माझ्यापाशी थबकले. घसा खाकरून म्हणाले, "येऊ का?"

"या," आतून ती म्हणाली.

थोड्या वेळानं बाळ रडलं. मायलेकरं सुखरूप होती. सिस्टर भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि डॉक्टर त्यांच्यासमोरून तसेच निघून गेले.

मित्रांनो, मी आता थकले. मला नवं कापड नको, रंग नको. फक्त मला पायाकडे उभं करत जा. आणि डॉक्टर, तुमच्याही तोंडावर बोलते. हात तुमचे चांगले, बाळ तुम्ही नीट आणलंत, ते मी नाकारत नाही. पण ती बाई घरी निघाली होती, तिला कुणी थांबवलं? सिस्टरांनी! आणि त्यांनाच तुम्ही चारचौघांत बेडपॅन दाखवलंत! आता माफीही चारचौघांतच मागा. तोवर मी तरी तुम्हाला मोठे म्हणायची नाही.