शिक्का मारलेला काटा

साहेब, वजनमापे खात्यात काटे तपासून शिक्का मारायचा पगार घेता ना? मग मालाडच्या निर्जळ महाराजांच्या काट्यावर तुमचा शिक्का डोळे उघडे ठेवून मारलात की मिटून? खुर्चीत नीट बसा आणि ऐका.

रविवार होता. लग्नाचा हॉल खचाखच भरलेला. सगळे किडनीचे पेशंट, सुजलेले पाय ओढत आलेले. स्टेजवर मोठा इलेक्ट्रॉनिक काटा, भिंतीवर लाल आकडे. पेशंट काट्यावर चढायचा, महाराज डोळे मिटायचे. शेजारी चेला गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या कापडी पिशवीत, हात घालून जप करायचा. ‘हुं फट्!’ झालं की आकडा दोन किलोंनी खाली!

“किडनी म्हणजे काय? नळाचा वायसर!” महाराज गरजले. “डॉक्टर म्हणतो, जन्मभर पाणी उपसत बसा. मी म्हणतो, वायसर आवळा! मी नाही सांगत बेटा, मशीन सांगतंय!”

तिसऱ्या रांगेत मालन मावशी हात जोडून बसली होती. बोलताना धाप लागत होती. तिची भाची मृणालिनी पार्ल्याहून धावत आली होती. मृणालिनी भौतिकशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत अचूक वजनं करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. बोटाचा ठसा उमटला तरी वजन बदलतं, म्हणून तिथे वजनं चिमट्याने उचलतात.

“मावशी, डायलिसिस का सोडलंस गं?”

“माझा पाणी उतारला. काटो काय खोटा सांगता?”

“काट्यात गडबड असू शकते!”

“माका शिकवू नको. शिक्को बघलंय मी. शिक्क्याची तार पण शाबूत आसा.”

शिक्का बघितल्याशिवाय रेशनचा तांदूळ न घेणारी ही बाई. हिला अडाणी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

यंत्राचा संशय आला, तर ज्याचं वजन बदलूच शकत नाही अशी वस्तू त्यावर ठेवायची, हा मृणालिनीचा रोजचा धंदा. हॉलबाहेर फुटपाथ उखडलेला, पेव्हर ब्लॉकचे ढीग. तिने मावशीच्या मुलाला हाक मारली.

“सिद्धेश, दारातली ती चाकाची खुर्ची आण. आणि मावशीची शाल.”

“ताई, डोकं फिरलंय का तुझं?”

“फिरलंय. ब्लॉक भर!”

थोड्या वेळाने शालीत गुरफटलेले ‘आजोबा’ खुर्चीसकट काट्यावर चढले.

“सासरे आहेत. बोलत नाहीत,” मृणालिनी मान खाली घालून म्हणाली.

“मौन? उत्तम! पाणी डोक्यात चढलंय. हुं फट्!” आकडा दोन किलोंनी घसरला. “उतरलं! आजोबा, आता पोटभर ताक प्या!”

मृणालिनीने शाल ओढली.

आत नुसते ब्लॉक. मग मागून एकजण ओरडला, “महाराज, ब्लॉकला किडनी कुठाय?”

हशा उसळला. चेला सटकणार तोच सिद्धेशने गोमुखी हिसकावली. आत माळ नव्हतीच. रिमोट होता! मृणालिनीने बटण दाबलं, दोन किलो परत. पुन्हा दाबलं, दोन किलो गायब. काट्याच्या पोटात चिप. लबाड भंगारवाल्यांची जुनी युक्ती.

तरी एक भक्त म्हणालाच, “चेला चोर असेल, महाराजांना काय ठाऊक?”

मृणालिनीचा तोल सुटला. “अरे, पाणी काट्यात नाही, तुमच्या अंगात आहे! स्वतःचे पाय दाबून बघा!”

मावशीने नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरून येईना. ती उठली आणि सिद्धेशचा हात धरून रिक्षात बसली.

जीव थोडक्यात वाचला. डायलिसिस पुन्हा सुरू आहे. महाराजांनी म्हणे दुसरीकडे हॉल घेतलाय.

लोकहो, लाल आकडा दिसला म्हणून हात जोडू नका. आकडा दाखवणाऱ्या यंत्राचीही परीक्षा घ्या, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय उपचार सोडू नका.

आणि साहेब, पळू नका. तार तोडल्याशिवाय त्या काट्यात चिप बसत नाही, आणि तार शाबूत होती. मग चिप आत असताना पेटी न उघडताच शिक्का मारलात, की शिक्काच घरपोच पाठवलात? मावशी हॉस्पिटलच्या खाटेवरून भाचीला रोज विचारते, “तो शिक्को कोणाचो होतो गो?”

तिने काय सांगायचं? उत्तर द्या.