पाच शहरं पाठ

महिनाभर मी देवकाला एकच धडा पढवत होतो. ब्रसेल्स, ब्रुज, गेंट, अँटवर्प, लूवेन. पस्तीस वर्षं सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवला, पण बायकोइतकी मठ्ठ विद्यार्थिनी मला भेटली नव्हती. शेवटी तिनं स्वतःच युक्ती काढली. तिगाव तिचं माहेर, तिथून नागपूरच्या गाडीत बसल्यासारखं करायची. तिगाव म्हणजे ब्रसेल्स, पांढुर्णा म्हणजे ब्रुज, नरखेड म्हणजे गेंट. काटोल येईपर्यंत अँटवर्प विसरलेली असायची आणि माझं डोकं फिरायचं.

नकाशात बोटाखाली झाकून जाईल एवढा तो बेल्जियम. त्यातलं आम्हाला खरं तर गेंटच हवं होतं, कारण आमची पूनम तिथं राहते. तिला आठवा महिना लागत होता. पहिलं बाळ सातव्यातच गेलं, तेव्हा तिच्याजवळ आमच्यातलं कोणीच नव्हतं. या खेपेला दोघांनी काहीही करून पोचायचं ठरवलं होतं.

पण पांढुर्ण्याच्या एजंटानं, हर्षलनं, बजावलं, "गुरुजी, डिलिवरीचं नाव काढू नका. पोरीकडे कामाले चालले समजून व्हिसा अडवतात. फिराले जाऊन राहिलो म्हणा." मला ते पटलं. पूनमनं पाठवलेलं दवाखान्याचं पत्र मी फाइलमधून काढून टाकलं. दूतावासातून चौकशीचा फोन आला तर शहरं धडाधडा सांगायची, एवढंच काम उरलं.

अर्ज दिल्यावर नऊ दिवस फोन आला नाही. देवकाला झोप लागेना, मला जेवण जाईना. दहाव्या दिवशी तिनं जामसांवलीच्या मारुतीला जायचं काढलं. दर्शन करून बाहेर येतो न येतो तोच तिचा फोन वाजला. नंबर दिल्लीचा होता. शहरांचा कागद घरी टेबलावर राहिला होता.

मी तिला ओढतच नारळाच्या दुकानामागं नेलं आणि स्पीकर लावला. पलीकडच्या बाई हिंदीत, अगदी शांतपणे विचारत होत्या. नाव, वय, मग बेल्जियममध्ये काय काय पाहणार?

"ब्रसेल्स," देवका म्हणाली. "मग ब्रुज. मग..."

ती अडकली. मी नुसत्या ओठांनी गेंट, गेंट करत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

"गेंट," ती म्हणाली. मग हिंदी-मराठी एक करत बोलत सुटली. "त्याच्यापुढं मले जाचंच नाई, मॅडम. माही पोरगी हाय तिथं. पहिलं लेकरू गेलं तिचं. मले काई पाहाचं नाई, तिच्यापाशी बसाचं हाय."

मी तिचा दंड घट्ट धरला. सगळं पाण्यात गेलं होतं. फॉर्मवर तर पर्यटन लिहिलंय, बाई म्हणाल्या.

"ह्यायनं लिवलं," देवकानं सांगून टाकलं.

बाईंनी दवाखान्याचं पत्र ईमेलनं पाठवायला सांगितलं आणि मला फोनवर बोलावलं. तुम्हीही मुलीसाठीच चाललात का?

हो, एवढंच म्हणायचं होतं. पण जन्मभर पोरांच्या चुकांवर लाल रेघा ओढलेला माणूस मी. आपली लबाडी एका परक्या बाईपुढे कबूल करवेना. "नाही मॅडम, मी फिरायला चाललोय," मी म्हणालो आणि पाचही शहरं एका दमात म्हणून दाखवली. कुठं कालवे आहेत, कुठं किल्ला आहे, तेही सांगितलं.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" फोन बंद झाल्यावर देवका एवढंच म्हणाली.

पत्र मी त्याच दिवशी पाठवलं. पंधरा दिवसांनी पासपोर्ट परत आले. तिच्या पासपोर्टवर व्हिसा होता. माझ्या पासपोर्टसोबत चिठ्ठी होती की प्रवासाचा हेतू पटला नाही. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

नागपूरच्या विमानतळावर तिची बॅग मीच दारापर्यंत नेली. आत जाता जाता ती वळली.

"पूनम विचारीन, बाबा काहून नाई आले. काय सांगू तिले?"

मला पाचही शहरं अजून पाठ होती. त्या बाईंना म्हणायचं साधं 'हो' तेवढं राहून गेलं होतं.