साच्यात अडकलेला पंख

टेलरताईंनी पंखाची कड नखाने उचलून पाहिली. पंख हलायला तयार नव्हता. साच्याला पक्का चिकटला होता.

साचा होता काकांचा. काका म्हणजे उभी हयात कारखान्यात लेथ मशीनवर घालवलेले गृहस्थ. मॉडेल विमानं बनवणाऱ्या या हौशी मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. दोन वर्षं खपून त्यांनी हा एकच लाकडी साचा केला होता, आणि मंडळातल्या झाडून सगळ्यांची विमानं त्याच्याच जिवावर उडत होती. ताईंची तर ही पहिलीच खेप. साचा गेला तर उद्या कुठल्या तोंडाने इथं यायचं?

"मेण किती वेळा लावलंत?" मंडळातल्याच दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. साच्याला आधी मेण लावायचं, मग त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते कडक करणारा इपॉक्सीचा चिकट रस. मेण नीट बसलं की वाळलेला पंख अलगद सुटून येतो.

"चांगलं पाच वेळा!"

"आणि दर वेळी वाळू दिलंत?"

"वाळू कशाला द्यायचं? लावलं की लगेच लख्ख पुसलं. अहो, खडूची रेघ राहिली तरी गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकतं, आणि मी मेणाचे डाग ठेवू?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे पाच वेळा लावलं आणि पाच वेळा काढलं! धन्य आहात बाई!"

मग उपाय सुरू झाले. डॉक्टरांनी कडेने प्लॅस्टिकची पाचर सरकवली. काही नाही. मग त्यांनी वरून बर्फ पसरला. गारठ्याने पंख आणि साचा कमीजास्त आकसतात म्हणे. ताई घाबरल्या होत्या, पण राहवेना, म्हणून साच्याला कान लावून बसल्या. आत टिक् वाजलं.

"सुटतोय हो!" त्या ओरडल्या.

पुढच्याच क्षणी कट्‌कन आवाज आला. पंख सुटला, आणि साच्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

इतका वेळ मागे उभं राहून बघणाऱ्या काकांनी पुढे येऊन पंख उचलला आणि उजेडात फिरवून पाहिला.

"पंख बरा आलाय," ते म्हणाले.

"काका, चुकलं माझं." ताईंना रडूच फुटलं. "तुमची दोन वर्षं मी मातीत घातली."

"सात वर्षं माणसं येतायत माझ्याकडे," काका म्हणाले. "साचा नेतात, परत आणून देतात. पण तो करतात कसा, हे आजवर एकानेही विचारलं नाही."

डॉक्टर खाली मान घालून बर्फ गोळा करू लागले.

ताईंनी पदराने डोळे पुसले. "कसा करतात हो, काका?"

काकांनी तडकलेला साचा बाजूला सारला आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. "बसा. आधी लाकूड कसं निवडायचं ते सांगतो."