गालाखालचं लाकूड

बंदुकीचा दस्ता घरी करायचा म्हटलं की लोकांना ते सुतारकाम वाटतं. सुतारकाम हा त्यातला सोपा भाग आहे. लाकूड ऐकतं, निदान अक्रोडाचं तरी ऐकतं. अवघड असतं ते त्यावर माणूस बसवणं. हजार यार्डांवरचं निशाण नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही, तिथे गोळी हव्या त्या जागी जायची तर दस्त्यावर गाल टेकला की टेकला, पुन्हा हलवायची गरज पडता कामा नये, आणि डोळा आपसूक दुर्बिणीच्या मधोमध यायला हवा. म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगराळ भागात गालाचं माप पट्टीने घेत नाहीत. दस्त्यावर गालाच्या जागी मुलांच्या खेळण्यातली तेलकट माती थापतात, नेमबाजाला पालथं झोपवतात, तो डोळे मिटून गाल टेकतो, दोन श्वास घेतो, आणि दस्ता करणारा म्हणतो, "उघड." दुर्बिणीतून अख्खं वर्तुळ दिसलं तर दस्ता जमला. एखाद्या कडेला काळी कोर दिसली तर परत कानस हातात घ्यायची.

माझी बायको ग्लेन्डा आमच्या क्लबातली सगळ्यांत चांगली नेमबाज. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून मला त्याचा बऱ्याचदा त्रासच झालेला आहे. राज्याच्या स्पर्धेत ती वर्षानुवर्षं दुसरी येत होती. गेल्या वर्षी तिच्या जुन्या दस्त्याला मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागापाशी, चीर गेली आणि त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजत चाललेत, त्यावर इलाज नाही, पुढच्या उन्हाळ्यानंतर काय दिसेल ते सांगता येत नाही. म्हणजे ऑगस्टची स्पर्धा ही तिची शेवटची संधी होती. दस्ता मी करीन असं मी तिला सांगितलं, आणि तिने बरं म्हटलं. आमच्या घरात याहून मोठी वचनं दिली जात नाहीत.

लाकूड तिच्या वडिलांच्या गोठ्यामागचं होतं. वादळात पडलेला तो अक्रोड आम्ही कापून घेतला होता आणि खोडाच्या गाभ्यातून निघालेल्या दोन फळ्या माळ्यावर वाळत ठेवल्या होत्या. पुस्तक उघडावं तशा त्या शेजारी ठेवल्या की एकीवरच्या रेषा दुसरीवर उलट्या दिसत. एक वापरायची आणि एक जपून ठेवायची असं ठरलं होतं. त्या हिवाळ्यात ग्लेन्डा एरी शहरात आजारी बहिणीकडे राहायला गेली ती बर्फ वितळल्यावर परतली, आणि ती आली त्याच आठवड्यात मी पहिली फळी खाली उतरवली.

पहिला दस्ता मी जुन्यावरून उतरवला, आणि यात फुशारकी नाही, पण तो हुबेहूब उतरला. चापापासून खांद्यापर्यंतचं अंतर, गालाची उंची, मनगटाची जाडी, सगळं जुन्यासारखंच होतं. नळी आणि तिच्यामागचा लोखंडी सांगाडा मी त्यात राळेने बसवला, माती थापली आणि ग्लेन्डाला हाक मारली. गॅरेजच्या मागे माझी कामाची खोली आहे, तिथे गालिच्याचा तुकडा टाकलेलं एक लांब टेबल आहे. त्यावर ती पालथी झोपली, डोळे मिटले, गाल टेकला. मी म्हटलं, "उघड."

"कडेला काळं आहे," ती म्हणाली.

मला वाटलं मान अवघडली असेल. पुन्हा केलं. पुन्हा काळं. मी नळी दुर्बिणीसकट काढून जुन्या चिरलेल्या दस्त्यात बसवून दिली तर त्यावरही तेच झालं, आणि ती उठून बसत म्हणाली की तीन महिने बंदुकीला हात लावला नाही, अंग विसरलं असेल. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी मातीवरचा ठसा पुसायला घेतला आणि तिथेच थांबलो. ग्लेन्डाच्या उजव्या गालाच्या हाडावर एक खड्डा आहे. लहानपणी वासराने लाथ मारली होती. आजवर मी तिचे जेवढे ठसे घेतले त्या प्रत्येकात या खड्ड्याच्या जागी मटाराएवढा उंचवटा उमटलेला असायचा, आणि मी दर वेळी तिला चिडवायचो की वासरू अजून सहीच करतंय. या ठशात उंचवटा नव्हता. माती साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती.

माती घट्ट झाली असेल असं म्हणून मी ती हातात मळून गरम केली आणि दुसऱ्या दिवशी परत ठसा घेतला. तोही गुळगुळीत. मग माझा संताप सुरू झाला, कारण मला तो माझ्या कामाचा दोष वाटत होता. मी गालाची जागा तासली, तर काळी कोर डावीकडून उजवीकडे गेली. लाकडाचा तुकडा चिकटवून उंची वाढवली, तर ती खाली गेली. तुकडा तासून मी पुन्हा जुनं माप आणलं. मागचा भाग आखूड केला, मग पाचर घालून लांब केला, शेवटी जुन्याच मापावर आणला. मे संपला. माझ्या हाताला कातडी राहिली नाही आणि ग्लेन्डा टेबलावर पालथी झोपून झोपून कंटाळली, तरी चिडली नाही. खरी गोष्ट सांगायची तर तिचं ते न चिडणंच मला जास्त खुपत होतं, कारण ग्लेन्डा पूर्वी तिसऱ्या खेपेला मला खोलीबाहेर हाकलून स्वतः कानस घेऊन बसली असती.

जेवताना मी तिच्या गालाकडे बघायचो. खड्डा होता. जिथे असायचा तिथेच होता.

एका रविवारी चर्चहून येताना हार्लन बोवर घरी आला. हार्लन आमच्या क्लबाचा प्रमुख, माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि दुसऱ्याच्या फजितीचा दर्दी. नवा दस्ता जुन्याशेजारी ठेवून त्याने सगळीकडून मोजला, माझी कॉफी प्यायला, ग्लेन्डाने दिलेल्या पावावर सफरचंदाचा मुरंबा बोटभर जाड लावून खाल्ला, आणि म्हणाला, "मर्ल, म्हाताऱ्या, दस्ता एकदम बरोबर आहे रे. माप तेच, लाकूड तेच. तू बायको बदललीस का तेवढं सांग."

मी हसलो, कारण हसण्यासारखंच होतं. ग्लेन्डा भांडी विसळत होती. तिनेही मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि आम्ही हसतोय हे बघून मग ती हसली.

हार्लन गेल्यावर मी माळ्यावरून दुसरी फळी उतरवली. जुनं माप गेलं खड्ड्यात असं ठरवलं. पट्टी नाही, नमुना नाही, टेबलावर झोपलेली बाई जशी आहे तशी मोजायची आणि तेवढंच लाकूड ठेवायचं. नळी काढून घेऊन पहिला दस्ता मी टेबलाच्या टोकाला वाळूच्या पिशव्यांवर ठेवून दिला. मापं घेताना लक्षात आलं की तिचा हात चापापर्यंत पोचायला पूर्वीपेक्षा एक बोटभर कमी अंतर लागतं आणि मान उलट्या बाजूने थोडी जास्त कलते. साठीला टेकलेल्या माणसाची हाडं आखडतात, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते पटलंही. काम भराभर होत होतं, आणि काम होत असलं की मला बरंच काही पटतं.

नळीचा सांगाडा दस्त्यात बसवण्याच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. राळ ओतण्याआधी लोखंडाला मेण चोपडायचं असतं, नाहीतर लोखंड आणि लाकूड जन्माचे चिकटतात; दस्ता करणाऱ्या प्रत्येकाकडून ही चूक एकदा होते आणि ती सगळ्या क्लबाला माहीत होते. मेणाची डबी माझ्यासमोर उघडी होती. पण खिडकीबाहेर ग्लेन्डा दोरीवर चादरी वाळत घालत होती, भर दुपारचं ऊन थेट तिच्या उजव्या गालावर पडलं होतं, आणि मला त्या उन्हात खड्डा नीट बघून घ्यायचा होता. होता. सावलीसकट होता. मला इतकं हायसं वाटलं की मी वळलो आणि राळ ओतून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सांगाडा हलेना. मी शिव्या दिल्या, त्या शेजारच्या कुत्र्यालाही लागल्या. अशा वेळी एकच उपाय असतो: बंदूक घरच्या मोठ्या फ्रीझरमध्ये, हरणाच्या मांसाच्या पुड्यांवर आडवी घालायची, लोखंड आकसेपर्यंत थांबायचं आणि रबरी हातोडीने ठोकायचं. हार्लनला कसं कळलं कोण जाणे, पण त्याने फोन करून विचारलं की रात्रीच्या जेवणाला बंदुकीची भाजी आहे का रस्सा. सांगाडा सुटला, पण त्यासोबत एक कपचाही उडाला, तो मी भरून काढला. जुलै उलटला होता.

शेवटी माती थापून ग्लेन्डाला बोलावलं. तिने डोळे मिटले. मी म्हटलं, "उघड."

"सगळं दिसतंय," ती म्हणाली.

मला आनंदाने रडू यायला हवं होतं, आणि जवळजवळ आलंच. पण जुनी ग्लेन्डा अशा वेळी "सगळं दिसतंय" म्हणत नसे. इतक्या वर्षांत, प्रत्येक दस्त्याला, दर वेळी, ती "पूर्ण गोल" म्हणायची आणि वर जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज करायची. मी वाट बघत थांबलो. ती उठली, माझा खांदा थोपटला आणि जेवण वाढायला गेली. मातीवरचा ठसा गुळगुळीत होता. त्या ठशावरूनच मी लाकूड उतरवलं, तेल पाजलं, घासलं. माझ्या हातून इतका सुंदर दस्ता पूर्वी झालेला नाही.

निघण्याच्या सकाळी मी कामाची खोली आवरली. पहिल्या दस्त्यावरची माती खरवडायला वेळ नव्हता म्हणून बाटली फिरवून ती नुसती सपाट केली. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. स्पर्धा राज्याच्या दुसऱ्या टोकाला होती. गाडीमागे चाकांवरचं लहानसं घर ओढत आम्ही गेलो आणि दोन्ही दिवस ग्लेन्डा माझ्या नजरेसमोर होती. झळ उठत होती, वारा मिनिटामिनिटाला फिरत होता, मोठमोठ्यांची निशाणं विस्कटली. ग्लेन्डाच्या निशाणावर मात्र शेवटच्या फेरीत गोळ्यांची भोकं एवढी जवळजवळ पडली की तिच्या हॅटखाली सगळी झाकली गेली असती. ती पहिली आली. हार्लनने तिला उचलून गरागरा फिरवलं, आणि मला म्हणाला, "बघ, उगाच कुरकुरत होतास."

"हो," मी म्हटलं.

परत येताना ती सगळा वेळ बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसली होती. खूश होती, आणि मीही होतो, असं मी दोनतीनदा मोठ्याने म्हटलं. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत आलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी बंदूक ठेवायला कामाच्या खोलीकडे आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. आत तेलाचा वास, जमिनीवर भुसा, टेबलावर गालिच्याचा तुकडा, टोकाला पिशव्यांवर पहिला दस्ता.

मातीवर गालाचा ठसा होता.

मी खिडकीच्या उजेडात वाकून बघितला. मान कललेली पूर्वीच्या बाजूने, गाल टेकलेला नेमका पूर्वीच्या उंचीवर, हाडाच्या जागी मटाराएवढा उंचवटा. मी बोट लावलं. बाकीची माती गार होती, तेवढा भाग ऊबदार होता. टेबलाच्या कडेवर धुळीत कोपर टेकल्याची खूण होती, आणि तिथून चापाच्या जागेपर्यंत हात लावून बघितला तर अंतर अचूक होतं, मी उतरवलं होतं तेवढंच. म्हणजे एप्रिलपासून इतका त्रागा केला, कातडी सोलून घेतली, स्वतःच्या हातांना शिव्या दिल्या, आणि माझी चूक झालीच नव्हती. दोन्ही दस्ते बरोबर होते.

 घरातून ग्लेन्डाची हाक आली, "मर्ल, जेवायला ये, गार होतंय."

"आलो," मी म्हटलं.

दस्ता मी होता तसा पिशव्यांवरच राहू दिला. माती मळून पुन्हा सपाट केली. दुसऱ्या दस्त्यातली नळी दुर्बिणीसकट काढून पहिल्यात बसवली आणि दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांवरची झाकणं काढून ठेवली. मग बाहेर आलो, आणि कुलूप हातात धरून, दार उघडंच ठेवून, घराकडे चालू लागलो.